संसारी शिखरवीर : शेर्पा तेनसिंग नोर्गे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन.)



समितीनं मला विषय दिला तो असा : कष्टाळू, डोंगरवेडा आणि तरीही संसारी असा एखादा माणूस निवडा आणि त्याच्याविषयी बोला. आता या तीन गोष्टी एकाच माणसात सापडणं कठीण. कष्टाळू माणसाला रजा मिळत नाही, डोंगरवेड्याचा पाय घरात ठरत नाही, आणि संसारी माणूस रविवारी सकाळी पिशवी घेऊन मंडईत असतो. आपल्या तिन्ही विंग मिळून अशी दोन-तीन माणसं आहेत, पण त्यांच्याविषयी त्यांच्या सौभाग्यवतींसमोर बोलणं धोक्याचं आहे. म्हणून मी जरा लांबचा माणूस निवडला. शेर्पा तेनसिंग नोर्गे.

आपल्यापैकी बावीस जण दोन वर्षांपूर्वी दार्जिलिंगच्या सहलीला गेलो होतो. तिथल्या प्राणिसंग्रहालयातूनच हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाता येतं. आत तेनसिंग यांचा पुतळा आहे. आपण त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि लगेच हिमबिबट्या बघायला वळलो, कारण गाडीवाल्यानं पाऊण तासच दिला होता. त्या पुतळ्यातला माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप होता, हे पाऊण तासात कळणं शक्य नव्हतं. ते आज सांगतो.

एव्हरेस्ट, २९ मे १९५३, सकाळी साडेअकरा, हिलरी आणि तेनसिंग. एवढं आपण शाळेत पाठ केलंय. तिथवर पोहोचायला त्यांना अठरा वर्षं आणि सात वाऱ्या लागल्या. १९३५, ३६, ३८, ४७, मग १९५२ मध्ये एकाच वर्षात दोनदा, आणि १९५३. आपल्याकडे पंढरीची वारी करतात तसं म्हणा. फरक इतकाच की या वारीला पाठीवर दुसऱ्याचं ओझं असायचं.

बालपणापुरतं मी त्यांना 'तो' म्हणतो. जन्म १९१४ चा, तेरा भावंडांतला अकरावा. त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. वडील याक राखायचे. हाही याकच्या मागे डोंगर-कुरणांवर फिरायचा. समोर तो मोठा डोंगर दिसायचा, चोमोलुंग्मा. आईनं त्या नावाचा अर्थ सांगितला होता, ज्याच्यावरून पक्षीसुद्धा उडून जाऊ शकत नाही तो डोंगर. मूळ नाव नामग्याल वांगदी. एका मोठ्या लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवलं. शाळा नाही. पुढे जगभर नाव झालं तरी लिहिता-वाचता आलं नाही. सही तेवढी करायला शिकले. पण बोलायला शेर्पा, तिबेटी, नेपाळी, हिंदी, चित्राळी, इंग्रजी, आणि ज्या देशाच्या मोहिमेबरोबर जातील त्या देशाची थोडी थोडी. आपल्या घरी येणाऱ्या इस्त्रीवाल्याला चार भाषा येतात, ते आठवतं.

१९३२ च्या अखेरीस अठराव्या वर्षी तो घरातून निघाला आणि दार्जिलिंगला आला. का, तर मोहिमा दार्जिलिंगहून निघतात, हमाल तिथे घेतात, असं ऐकलं होतं. आधी गाई राखल्या, दूध विकलं. १९३३ च्या ब्रिटिश मोहिमेसाठी रांगेत उभा राहिला, पण घेतलं नाही. पूर्वी काम केल्याची चिठ्ठी नव्हती. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. आपल्या मुलांना नोकरी शोधताना जे ऐकावं लागतं तेच. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत अगदी शेवटच्या क्षणी त्याची निवड झाली. मजुरी दिवसाला बारा आणे, बर्फाच्या वर गेल्यास एक रुपया. नुकतंच लग्न झालं होतं, बायकोचं नाव दावा फुटी.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. गिर्यारोहणाविषयी आपण वाचतो ते बहुतेक हौशी माणसांनी लिहिलेलं असतं. डोंगर का चढता, तर तो आहे म्हणून, वगैरे. शेर्प्यांना हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर उघड होतं. एक रुपया. तेनसिंगांचं वेगळेपण असं की त्यांना तो रुपयाही हवा होता आणि तो डोंगरही. सोबतचे हमाल छावणीत ओझं टाकून परत वळायचे, तेव्हा या माणसाला आणखी वर जायचं असायचं. १९३८ मध्ये सत्तावीस हजार फुटांच्या वरच्या छावणीपर्यंत त्यांनी ओझं नेलं. त्याबद्दल 'टायगर' हे पदक मिळालं.

मग महायुद्ध आलं आणि मोहिमा बंद. आता चाळीस-बेचाळीस सालची गोष्ट. आता 'ते' म्हणू, कारण आता ते बाप झाले होते. पहिला मुलगा नीमा दोर्जे चार वर्षांचा होऊन गेला. मागे दोन मुली, पेम पेम आणि नीमा. पोटासाठी तेनसिंग वायव्येला पार चित्राळला गेले. तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडे नोकरी धरली, मेसचं बघायचे, स्वयंपाक शिकले, स्कीइंगही शिकले. दावा फुटी मागाहून तिथे आली. पण तिची प्रकृती ढासळत गेली आणि १९४४ मध्ये ती तिथेच वारली. दोन लहान मुली, आई नाही, घर हजारो मैल दूर.

तेव्हा या माणसानं काय केलं बघा. एक घोडा विकत घेतला. खोगिराला दोन्ही बाजूंनी पिशव्या शिवून घेतल्या, एकीत एक मुलगी, दुसरीत दुसरी. आणि तशा त्या डोंगराळ रस्त्यानं स्वतः चालत निघाले. पुढे आगगाडी. साहेबांनी दिलेला गणवेश अंगावर होता, त्यामुळे गाडीत तिकीट कुणी विचारलं नाही, असं त्यांनीच आठवणींत सांगितलंय. अख्खा हिंदुस्थान आडवा ओलांडून ते दार्जिलिंगला पोहोचले. त्यांच्या चरित्रात एव्हरेस्टच्या वरच्या शेवटच्या कड्याची वर्णनं पानंच्या पानं आहेत, आणि या प्रवासाला थोड्या ओळी. मला विचाराल तर दोन आईवेगळ्या पोरी घोड्यावर घालून निघालेला तो बाप मला जास्त दिसतो. इथे बसलेल्या आज्यांना विचारा, पाच-सहा वर्षांची दोन मुलं घेऊन कोकणात जायचं म्हटलं तरी काय होतं ते.

दार्जिलिंगला आल्यावर त्यांनी आंग ल्हामू यांच्याशी लग्न केलं. या बाईंविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. तिथल्या साहेबांच्या घरी त्या आयाचं काम करायच्या. १९३८ मध्ये एका इंग्रज कुटुंबाबरोबर लंडनलाही जाऊन आल्या होत्या, म्हणजे नवऱ्याच्या पंधरा वर्षं आधी. युद्धानंतरच्या दिवसांत मोहिमा नव्हत्या, तेनसिंगांना काम नव्हतं. त्या काळात घर चाललं ते आंग ल्हामूंच्या पगारावर. पोरी सावत्र, पण दोघींनाही त्यांनीच वाढवलं. राहायला तूंगसूंग बस्तीतली भाड्याची जागा. चौरस्त्यावर आपण चहा प्यायलो ना, त्याच्या खालच्या उतारावर ही वस्ती आहे.

बरं, असं असताना १९४७ मध्ये एक डेनमन नावाचा माणूस आला. ना परवानगी, ना पैसा, ना सामान. म्हणाला, एव्हरेस्टला चल. शहाण्या माणसानं नाही म्हणावं. तेनसिंगांनाही ते कळत होतं, पण ते गेले. उगाच गुळगुळीत करून सांगत नाही, त्या वेळी आंग ल्हामूंच्या जागी मी असतो तर दाराला कडी घातली असती.

१९५२ मध्ये स्विस मोहिमेबरोबर ते आणि रेमाँ लाम्बेर खूप वर गेले. रात्री तंबूत झोपायच्या पिशव्या नाहीत, शेगडी नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ वितळवून घोटभर पाणी. रात्रभर एकमेकांना चोळत, थोपटत जागे राहिले, कारण झोपलं तर उठणं नाही. दुसऱ्या दिवशी, २८ मेला, आणखी चढले. शिखर सुमारे अडीचशे मीटर उरलं होतं. तोपर्यंत जगात कुणीही पायी एवढं उंच गेलेलं नव्हतं. आणि तिथून ते दोघं परत फिरले. पुढे जाता आलं असतं, परत येता आलं नसतं.

गेल्या वर्षी मुलांच्या राजमाची ट्रेकची नोटीस बोर्डावर लावली होती. सोळा नावं आली, निघायच्या पहाटे गेटवर सात मुलं. नऊ घरांतून ऐन वेळी नकार. त्यानंतरच्या सभेत यावरून बरीच वादावादी झाली, सगळ्यांना आठवत असेल. कुणी म्हणालं आजकालचे पालक भित्रे, कुणी म्हणालं तुमचं मूल असतं तर कळलं असतं. मी त्या नऊ घरांना भित्रं म्हणणार नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला, काही झालं तर काय, तोच प्रश्न आंग ल्हामूंनी विचारला होता, तोही एव्हरेस्टवीराला. आणि मुलांना डोंगरावर नेणाऱ्यांनी पालकांना उत्तर द्यायचं तर १९५२ च्या त्या २८ मेचं द्यावं. कुठे फिरायचं हे ज्याला कळतं त्याच्याबरोबर मूल पाठवावं. ज्याला नुसतं कुठे पोहोचायचं तेवढंच कळतं, त्याच्याबरोबर पाठवू नये. असो, हे चिटणीसांनी इतिवृत्तात घेतलं नाही तरी चालेल.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा स्विस मोहीम झाली. भयंकर थंडी, वारा, अपयश. तेनसिंग परतले ते मलेरिया घेऊन, पाटण्याला इस्पितळात पडून राहावं लागलं. वजन उतरलं होतं, वय अडतीस-एकोणचाळीस. आणि तशात ब्रिटिशांचं बोलावणं आलं. सातव्यांदा. आंग ल्हामू म्हणाल्या, अंगात ताकद नाही, बर्फावर पाय घसरेल, आम्ही काय करायचं? हा संवाद त्यांनी आत्मकथनात सांगितला आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की मरायचंच असेल तर या झोपडीत मरण्यापेक्षा तिथे मेलेलं बरं. ऐकायला बाणेदार वाटतं. पण ज्या झोपडीचं भाडं त्या माउलीच्या कमाईतून जात होतं, त्या झोपडीत उभं राहून हे बोललेलं आहे, हेही ध्यानात ठेवू या. मात्र बोलून ते बसले नाहीत. पहाटे उठायचे, पाठीवरच्या पिशवीत दगड भरायचे आणि दार्जिलिंगच्या चढउतारांवर चालायचे. विडी-सिगारेट बंद, दारू बंद. आपल्या टेरेसवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींनी दगडांचा विचार करायला हरकत नाही.

निघताना धाकट्या नीमानं बापाच्या हातात एक पेन्सिल दिली. शाळेत वापरलेली, लाल-निळी, छोटासा तुकडा. म्हणाली, ही वर ठेवून या.

मोहीम निघतानाच एक प्रसंग झाला. काठमांडूला साहेब लोकांची सोय ब्रिटिश दूतावासात, आणि शेर्प्यांची आवारातल्या गॅरेजमध्ये, जो पूर्वी तबेला होता. फरशीवर झोपायचं. तेनसिंग सरदार, म्हणजे शेर्प्यांचे मुकादम, शिवाय चढाईच्या तुकडीतलेही. त्यांना आत खोली देऊ केली होती. ते आपल्या माणसांबरोबर फरशीवर झोपले. सकाळी शेर्प्यांनी आपला निषेध ज्या पद्धतीनं नोंदवला, ते मुलांसमोर सांगत नाही. त्यांच्यात आणि साहेबांत बोलणी करून तेनसिंगांनी मोहीम पुढे नेली. पुढे हिमप्रपातात हिलरी एका भेगेत कोसळले, तेव्हा दोर ताणून त्यांना धरलं तेही तेनसिंगांनीच.

२८ मेच्या रात्री दोघं शेवटच्या छावणीत होते. मुलांसाठी सांगतो, जेवण काय होतं : बिस्किटांवर सार्डिन मासे, डब्यातले जर्दाळू, खजूर, मध आणि पुष्कळसं गरम लिंबूपाणी. हिलरींनी बूट काढून झोपले, सकाळी ते दगडासारखे गोठले. वितळवण्यात दोन तास गेले. तेनसिंग बूट घालूनच झोपले होते. हमाली केलेल्या माणसाला वस्तू कुठे ठेवायची ते बरोबर कळतं. गळ्यात लाम्बेरनं दिलेला लाल रुमाल होता.

शिखरावर पंधरा मिनिटं. कुऱ्हाडीला चार झेंडे बांधलेले : संयुक्त राष्ट्रसंघाचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि आपला तिरंगा. जगप्रसिद्ध फोटो त्याचाच. फोटोत तेनसिंग एकटे आहेत, कारण काढणारे हिलरी. त्यानंतर तेनसिंगांनी बर्फात छोटा खड्डा केला, त्यात देवासाठी थोडा खाऊ ठेवला, आणि त्या खाऊशेजारी नीमाची पेन्सिल.

खाली आल्यावर मात्र गोंधळच गोंधळ. पहिला पाय कुणाचा? लोक हातात कागद घेऊन मागे लागले. नेपाळ म्हणे आमचा, भारत म्हणे आमचा. त्यांनी दोन्हीकडे हात जोडले, एकानं जन्म दिला आणि दुसऱ्यानं वाढवलं अशा अर्थाचं बोलले. ज्यांना डोंगराशी देणंघेणं नव्हतं त्यांनी राजकारण केलं. दोन वर्षांनी आत्मकथनात त्यांनी सरळ सांगून टाकलं, हिलरी आधी आणि मी दोराच्या अंतरावर मागोमाग. एवढं सांगायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. काठमांडूत आंग ल्हामू आणि दोघी मुली त्यांना येऊन भेटल्या आणि पुढे सगळं कुटुंब लंडनला गेलं. हिलरी आणि हंट यांना 'सर' किताब मिळाला, तेनसिंगांना जॉर्ज पदक. १९५९ मध्ये आपल्या सरकारनं पद्मभूषण दिलं.

एव्हरेस्ट झालं तेव्हा वय एकोणचाळीस, आणि स्वतःचं घर नाही. आपण पंचवीस वर्षांपूर्वी किल्ल्या घेतल्या त्या दिवशीचे एकमेकांचे चेहरे आठवा. कुणी चाळीतून आलं होतं, कुणी सासऱ्यांच्या माळ्यावरून. तसाच आनंद त्या माणसाला एव्हरेस्टनंतर झाला. त्यांनी दार्जिलिंगला घर घेतलं, आपल्या घराण्यावरून त्याला 'घांग-ला' नाव दिलं. त्यात ल्हासा अप्सो जातीची कुत्री पाळली, भाचे-पुतणे, नातेवाईक, सगळे येऊन राहू लागले. मुलींना लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये घातलं. बापाला अक्षर येत नव्हतं ना.

४ नोव्हेंबर १९५४ ला दार्जिलिंगची इन्स्टिट्यूट सुरू झाली. पंडित नेहरूंनी तेनसिंगांवर प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली. चिठ्ठी नाही म्हणून १९३३ मध्ये रांगेतून परत गेलेला माणूस आता इतरांना प्रमाणपत्रं देणार होता. आधी स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेतलं. मग १९७६ पर्यंत, बावीस वर्षं, नोकरी केली. महाराष्ट्रातून तिथे कोर्सला जाणारी मुलं आजही आहेत. गाठी, दोर, बर्फावर घसरल्यावर कुऱ्हाड रोवून थांबायचं कसं, हे शिकून येतात. भाचा नवांग गोम्बू तिथेच शिकवायचा. १९६३ आणि १९६५ असा दोनदा एव्हरेस्ट चढणारा तो जगातला पहिला.

कौटुंबिक बाजूची एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. आंग ल्हामू हयात असतानाच त्यांनी दाकू यांच्याशी आणखी एक लग्न केलं. त्यांच्या समाजाच्या रिवाजात ते बसत होतं. आंग ल्हामूंना काय वाटलं ते आपण इथे बसून ठरवू शकत नाही, पण ज्यांनी आयाचं काम करून घर राखलं त्यांचं नाव आजच्या भाषणात मी चार वेळा जास्त घेतलं, ते यासाठी. दाकूंपासून तीन मुलगे आणि एक मुलगी झाली.

त्यातला जामलिंग. अठराव्या वर्षी तो वडिलांना म्हणाला, मला एव्हरेस्टच्या मोहिमेत जायचंय, शब्द टाका. तेनसिंगांनी नकार दिला. मी चढलो ते तुम्हाला चढावं लागू नये म्हणून, शिक, असं त्यांचं म्हणणं. आता बघा, ज्यानं आयुष्यभर बायकोचा नकार ऐकला नाही, तो मुलाला नकार देत होता! आमच्या घरातही असंच आहे. मुलाला रोपनं उतरायला पाठवायचं म्हटलं की मलाच घाम फुटतो.

९ मे १९८६ ला तेनसिंग गेले. अंत्यसंस्कार त्या इन्स्टिट्यूटच्या आवारात झाले. हिलरी तेव्हा न्यूझीलंडचे भारतातले उच्चायुक्त होते, ते दिल्लीहून आले. दहा वर्षांनी, मे १९९६ मध्ये, जामलिंग एव्हरेस्टवर पोहोचला. वडील नकार देऊन गेले होते, तरीही. त्यानं वर आई-वडिलांचा फोटो ठेवला. आणि त्याच्या शेजारी आपल्या लहान मुलीचं एक खेळणं.

माझी वेळ झाली, खजिनदार बिस्किटांचे पुडे घेऊन दारात उभे आहेत. राजमाचीची नवी नोटीस उद्या बोर्डावर लागेल. या वेळी तिच्यात सोबत येणाऱ्या मोठ्यांची नावं, दोर-औषधांची यादी आणि पाऊस वाढला तर कुठून परत फिरायचं ते, सगळं लिहिलेलं असेल. पालकांनी वाचावी, शंका मला नाहीतर चिटणीसांना विचाराव्यात. आता मुलांचे प्रश्न घेऊ. हात वर करा, आणि एका वेळी एकच.